वारलेल्या वडिलांचा फोन

निवृत्त होऊन काही वर्षं झाली. गुडघे कुरकुरतात. पण ती दुपार नुसती आठवली तरी आजही माझ्या अंगात वारं शिरतं, आणि बायको म्हणते, "झालं, आता हे जीप काढायला सांगणार!"

तेव्हा मी भोपाळला ठाणेप्रभारी होतो. इकडे त्याला टीआय म्हणतात. ठाण्याचा लेखनिक, म्हणजे मुन्शी, रोजनामचा लिहीत होता आणि मी एका मोटारसायकलचोराला दमात घेत होतो. इतक्यात शाळेच्या गणवेशातली एक मुलगी दारावरच्या पहारेकऱ्याच्या हाताखालून वाकून थेट माझ्या टेबलापाशी आली.

"अंकल, मेरी दोस्त आज अपने पापा से मिलने जा रही है।"

"तो जाने दो, बेटा. अच्छी बात है।"

"अंकल, उसके पापा तो मर चुके हैं।"

समोरच्या चोरानेसुद्धा मान वर केली. मी त्याला मुन्शीच्या ताब्यात दिलं आणि मुलीला पाणी पाजलं. आमच्या महिला सब-इन्स्पेक्टर तिच्याशेजारी बसल्या. लहान पोरांची खबर पोलीस हसण्यावारी नेतात. पण घाबरलेलं पोर ठाण्याची पायरी उगाच चढत नाही, हे मी अनुभवाने शिकलो होतो.

तिच्या मैत्रिणीचं खरं नाव मी सांगणार नाही, सई म्हणू. कोलार रोडला राहणारी, अकरावीतली मराठी मुलगी. वडील सरकारी कारखान्यात इंजिनीअर. चालताबोलता माणूस, हार्ट अटॅकने गेला. महिन्याभराने सईला फोन येऊ लागले. आवाज वडिलांचा, अगदी हुबेहूब! या मैत्रिणीने स्वतः ऐकला होता. उत्तर जरा थांबून यायचं, पण सई म्हणायची, तिकडून आवाज यायला वेळ लागणारच ना.

मग सईचं क्लासला जाणं बंद झालं. वडिलांचं विंडचीटर अंगात, खोलीचे पडदे ओढलेले, कानात इयरफोन. "कहती थी, यहाँ के लोगों से बात करके क्या मिलता है।" ती पोर सांगत होती. आणि आज सईचा मेसेज आला होता की मी बाबांना सोडवायला जातेय, कोणाला सांगू नको. कारण फोनवरच्या वडिलांनी सांगितलं होतं की पिंडाला कावळा शिवला नाही, म्हणून मी वाटेत अडकलोय. आईचे दागिने घेऊन गाडीत बस. गाडीत एक ताई भेटेल, ती तुला नर्मदेवर आणेल. दागिने नर्मदेत सोडलेस की मी तुला भेटेन आणि सुटेन.

"सर, ये कौए का क्या चक्कर है?" सब-इन्स्पेक्टर मॅडमनी विचारलं.

मी जीपकडे चालता चालता सांगितलं. आपल्याकडे दहाव्याला पिंड ठेवून कावळ्याची वाट बघतात. नाही शिवला तर मयताची काही इच्छा राहिली असं समजून मोठ्याने शब्द देतात, मुलीचं शिक्षण करू, अमकं करू, तमकं करू. तरीही नाही आला तर दर्भाचा कावळा करून शिववतात. मॅडमनी असं काही ऐकलंच नव्हतं. तिथेच माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. फोनवर बोलणारा जो कोणी होता, त्याला मराठी घरातलं आतलं माहीत होतं. माझा पहिला संशय नातेवाइकांवर गेला.

सईची आई दारातच भेटली. बाईंना काहीच पत्ता नव्हता. कपाट उघडलं तर दागिन्यांचा डबा गायब! त्या मटकन खाली बसल्या. मी कावळ्याचं विचारलं.

"अहो, कावळा तर शिवला! लगेच शिवला! भाऊजींनी घाटावरून आल्या आल्या सांगितलं आम्हाला."

भाऊजी, म्हणजे सईचे काका, तिथेच पाण्याचा ग्लास घेऊन उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. घाम फुटलेला माणूस गुन्हेगार असतोच असं नाही. पण हातातलं पाणी प्यायचं जो विसरतो, त्याला बाजूला घ्यावं. मी त्यांना गच्चीत नेलं आणि आवाज चढवला.

"पोरगी गेली आहे. खरं काय ते आत्ता बोला, नाहीतर ठाण्यात बोलायला लावीन!"

त्यांनी तोंड झाकलं आणि ते ढसाढसा रडले. "नाही शिवला हो. किती वाट बघितली, किती शब्द दिले. शेवटी दर्भाचा केला. वहिनींना काय सांगणार होतो? सई जेवत नव्हती. म्हटलं, सांगू शिवला म्हणून. खोटं बोललो मी."

"हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"मला आणि गुरुजींना. देवाशप्पथ, तिसरं कोणी नव्हतं."

गुरुजींना मी ओळखत होतो. त्यांना स्वतःचा वाजणारा फोनसुद्धा धड उचलता येत नसे. मग कोण? मी हैराण झालो. तेवढ्यात आतून आईंचा आवाज आला. त्या कॅनडातल्या नणंदेशी फोनवर रडत बोलत होत्या, "तुम्ही तर सगळं बघितलंत ना वन्सं, नेमकं कावळ्याच्या वेळी नेटवर्क गेलं..."

मी काकांचा दंडच धरला. "त्यांनी कॅनडातून बघितलं? दाखवत कोण होतं?"

"अरे देवा! कॅमेरावाला!" काकांनी कपाळावर हात मारला. "बराच वेळ झाला तेव्हा तो म्हणाला, भैया, किसका इंतज़ार है? मीच त्याला कावळ्याचं सगळं समजावून सांगितलं. आणि दर्भ हातात घेतला तेव्हा म्हटलं, कॅमेरा बंद कर, नेटवर्क गेलं म्हण, घरी बोलू नकोस."

माणसं मोजायची आपली खोडच अशी असते बघा. फोटोवाला सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभा असतो आणि हजर लोकांत त्याला कोणीच धरत नाही. श्रद्धांजलीची फिल्मही त्यानेच केली होती. त्यासाठी घरच्यांनी मराठी मंडळातल्या वडिलांच्या भाषणांच्या सगळ्या क्लिपा त्याला दिल्या होत्या. ऐकवलेल्या आवाजाची नक्कल करून संगणक टाइप केलेलं वाक्य हव्या त्या भाषेत बोलतो, हे सायबर सेलने आम्हाला नुकतंच शिकवलं होतं.

सईच्या मोबाइलचं लोकेशन हबीबगंज आलं. स्टेशनचं नाव आता राणी कमलापती आहे, पण आमच्या तोंडात हबीबगंजच बसलंय. मॅडमना दोन शिपाई देऊन शाहपुऱ्याला कॅमेरावाल्याच्या स्टुडिओवर पाठवलं, रेल्वे पोलिसांना कळवलं, आणि आई व काकांना जीपमध्ये घालून मी निघालो. ड्रायव्हरने सायरन असा वाजवला की गायीसुद्धा रस्ता सोडून उठल्या!

प्लॅटफॉर्मवर गाडी लागायची घोषणा चालू होती. बाकावर बापाच्या ढगळ विंडचीटरमध्ये सई बसली होती. चेहरा वाळलेला, डोळे मात्र लग्नघरातल्या मुलीसारखे चमकत होते. आईला बघताच ती ताडकन उठली.

"मला अडवू नका! बाबा वाट बघतायत."

काका तिच्या पायाशीच बसले. "सई, कावळा शिवला नव्हता गं. मी खोटं बोललो."

"बघा!" ती ओरडली. "मग बाबा खरंच बोलत होते! हे त्यांच्याशिवाय कोणाला माहीत असणार?"

कॅमेरावाल्याचं मी सांगून बघितलं. ती कानांवर हात ठेवून मागे सरकत होती, रुळांच्या बाजूला. जबरदस्तीने उचलली असती तर पोरगी घरी आली असती, पण मन तिकडेच राहिलं असतं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. त्याच क्षणी माझ्या कानातल्या इयरफोनवर मॅडमचा आवाज आला, "सर, खिड़की से दिख रहा है, वो टाइप कर रहा है। पकड़ लूँ?"

"हात मत लगाना! करने दो।"

मी सईला म्हटलं, "बेटा, बोल बाबांशी. मी अडवत नाही. फक्त एक सांग, जिवंत असताना बाबा तुझ्याशी फोनवर किती बोलायचे?"

ती गोंधळली. "बाबा? फोनवर? नाही बोलायचे. हां, जेवलीस का, आईला दे. बस, एवढंच." मग हळूच म्हणाली, "आता खूप बोलतात."

फोन वाजतच होता. तिने उचलला, स्पीकर लावला. आवाज आला, भारदस्त, प्रेमळ, "सई बेटा, गाडी आली का?" आई किंचाळणारच होत्या, मी त्यांना खुणेने थांबवलं. सई आईकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, आई इथेच आहे. तिला देऊ फोन?"

पलीकडे शांतता. मॅडम कानात कुजबुजल्या, "सर, घबरा गया है, मिटा-मिटाकर लिख रहा है।"

मग आवाज आला, "नको. आईला सांगू नकोस."

सईने फोन कानाजवळून खाली घेतला. "हे माझे बाबा नाहीत," ती म्हणाली, आणि स्वतःच फोन बंद केला. मग जी रडली! वडील गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती, असं आईंनी नंतर सांगितलं. समोर गाडी आली आणि गेली. मी मॅडमना फोनवर ओरडून सांगितलं, "उठा लो साले को!"

दरवाजा तुटल्याचा आवाज मला फोनमधून प्लॅटफॉर्मवर ऐकू आला. खोटं कशाला सांगू, मी त्या वयात आनंदाने चक्क उडी मारली.

ठाण्यात तो फार टिकला नाही. आणखी काही घरांच्या फायली त्याच्या संगणकात निघाल्या, आणि ती 'ताई' पुढच्या स्टेशनवर सापडली. पंचनामा, जबाब, सगळं रीतसर झालं. पण ही केस मला शिकवून गेली ती जीपमध्ये, परत येताना.

सईने आईला विचारलं, "तू मला एकदाही का नाही विचारलंस, मी कोणाशी बोलते?"

आई म्हणाल्या, "मला वाटलं, कोणी मुलगा असेल. दाराबाहेर उभी राहून ऐकायचे. तू हसत होतीस गं. मला वाटलं, विचारलं तर हसायची थांबशील."

पुढे बसलेल्या मला मागे वळून बघायचा धीर झाला नाही. त्या घरात सगळ्यांनी एकमेकांना जपलं होतं. दिराने वहिनीला जपलं, आईने लेकीला जपलं, आणि जपता जपता पोरीशी बोलायला एक चोर तेवढा उरला. तेव्हापासून कोणाच्याही घरी मयताचा पंचनामा करायला गेलो की काम आटोपल्यावर मी आधी पोरं कुठे आहेत ते विचारायचो, त्यांच्याजवळ जाऊन बसायचो, आणि ती जे विचारतील ते खरं सांगायचो.