कडक रबरं

माझा जुना ट्रक इतका हादरायचा की तामलवाडीत तुरीचं पोतं चढवलं तर धाराशिवला डाळ उतरायची, टरफलं वेगळी. वीस वर्षं बायको शेजारच्या सीटवर बसून माझ्याबरोबर बाजाराला आली. त्या गोंगाटात आम्ही एवढं ओरडून बोलायचो की आमची भांडणं पार येडशीच्या स्टेशनावर ऐकू जायची.

ती गेली, आणि वर्षाच्या आत इंजिनानंही मान टाकली. धाराशिवच्या मिस्त्रीनं दुसरं डिझेल इंजिन आणलं. ते ज्यावर टेकतं ती रबरं त्यानं माझ्यापुढं मांडली, एक जोड मऊ, एक कडक.

"काका, मऊ घ्या. केबिनीत चहाचा कप हलणार न्हाय."

मी मऊ घेतली. कप हलला नाही, हे खरं. पण घरी निघालो तर केबिन इतकी शांत, की तुळजापूर यायच्या आत सवयीनं विचारून बसलो, "ऊन लागतंय का गं?"

उत्तर आलं नाही, ते अगदी स्पष्ट ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला म्हणालो, "कडक बसव."

"अहो काका, लोक आवाज घालवायला येतात!"

"मला शांततेत लई झोप येते. झाडावर घालीन ट्रक," मी ठोकून दिलं.

आता ट्रक पुन्हा तुरीची डाळ करतो. मी ओरडून तिला काहीबाही विचारत असतो. उत्तर येत नाही. पण एवढ्या आवाजात कुणाचं ऐकू येतं?