धोंडुबाईचा दम

धोंडुबाईनं आयुष्यभर दुसऱ्यांनाच दम दिला. दूध पातळ आहे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाच्या अंगावर तिनं दुधाची चरवी फेकली होती. म्हशीला लाथ मारणाऱ्या गड्याच्या पाठीत फावड्याचा दांडा घातला होता. कोल्हापूरला लागून असलेल्या त्या वाडीत तिच्या गोठ्यासमोरून जाताना भलेभले आवाज खाली घेत. अशा बाईला पन्नाशी उलटल्यावर स्वतःला दम लागावा, तोही दरवर्षी गौरी-गणपती सरले की, ह्याचा तिला भयंकर राग होता.

शिंकांनी सुरुवात व्हायची. डोळे सुजायचे, मग छाती आवळायची. गोठ्याचा खांब धरून ती ओठ निळे पडेस्तोवर झगडायची. मरणाला ती भीत नव्हती असं नाही. भीत होती, पण भीती दाखवायची तिची रीत एकच: कुणावर तरी धावून जायचं.

त्या वर्षी ती धाकट्या जावेवर धावली. शेवंताबाई भिंतीला भिंत लावून तीस वर्षं शेजारी राहिलेली. तिच्या परसातल्या शेवग्याची फुलं धोंडुबाईच्या अंगणात पडत. ह्याच फुलांपायी आपला जीव चाललाय, असं धोंडुबाईनं ठरवून टाकलं. एका सकाळी दोन तास तडफडून श्वास मोकळा झाला, तशी ती कोयता घेऊन निघाली.

"आक्का, म्होरं येऊ नगासा!" शेवंताबाईनं बुंध्याला मिठी मारली. "माज्या हातानं लावल्यालं झाड हाय."

"सर बाजूला! तुज्या झाडानं जीव चाललाय माजा!"

ती सरली नाही आणि कोयता थांबला नाही. पहिला घाव सालीत बसला, दुसरा शेवंताबाईच्या उजव्या हातावर. रक्त धोंडुबाईच्या तोंडावर उडालं. दोन बोटं हाडापर्यंत कापली गेली. टाके पडले, पण ती बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत. भावकीनं प्रकरण घरातच दाबलं, शेवगाही तोडून टाकला.

आणि आठच दिवसांत, शेवगा नसताना, धोंडुबाईला आजवरचा सगळ्यात वाईट झटका आला. लेकानं, उदयसिंहानं, तिला उचलून शहरातल्या दवाखान्यात नेलं.

बरं वाटल्यावर डॉक्टर वर्षाराणींनी तिच्या हातावर ओळीनं थेंब ठेवले आणि एकेका थेंबातून कातडीला सुईनं टोचलं. वेगवेगळ्या फुलांचे पराग होते ते. शेवग्याचा थेंब पाण्यासारखा वाळून गेला. शेजारच्या थेंबाखाली मात्र रुपयाएवढी लालभडक गांधी उठली.

"हे कशाचं?"

"काँग्रेस गवताचं."

ते गवत धोंडुबाईच्याच गोठ्यामागे कमरेएवढं माजलं होतं. दरवर्षी फुलात आलं की तीच ते उपटायची, मांडीवर आपटून मुळांची माती झाडायची.

"मावशी, ते पराग तुमचं काही वाकडं करत नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "साधी धूळ. पण तुमच्या शरीरानं त्यांना वैरी ठरवलंय. दिसले की मारामारी सुरू, आणि सुजते तुमचीच छाती. हा वैरी नव्हे, सोडा त्याला, असं सांगणाऱ्या पेशी प्रत्येकाच्या अंगात असतात. तुमच्यात त्या कमी पडतात."

उपाय ऐकून धोंडुबाई भडकलीच. त्याच परागांची सुई! आधी अगदी कणभर, मग थोडं थोडं वाढवत, तीन वर्षं. तेवढ्या काळात म्हणे त्या आवरणाऱ्या पेशींना बळ येतं, आणि शरीर शिकतं.

तणतणत का होईना, तिनं सुया घेतल्या, आणि शरीर शिकलं की. तिसऱ्या वर्षी गौरी गेल्या, धोंडुबाई दोनदा शिंकली आणि धारा काढायला बसली. तिला आनंद व्हायला हवा होता. पण खुरपं घेऊन ती मागच्या गल्लीत वळली, तशी आपल्या ओट्यावर बसलेल्या शेवंताबाईनं उजवा हात पदराखाली लपवला आणि ती धापा टाकू लागली. त्या धापा धोंडुबाईनं ओळखल्या. हिचं गवत म्हणजे आता मीच, हे तिला कळलं आणि ती तशीच मागं फिरली.

दुसऱ्या दिवसापासून ती मोकळ्या हातानं त्या गल्लीत जाऊ लागली. आधी कोपऱ्यावर क्षणभर उभी राहून परत. मग नळापर्यंत. मग ओट्याखाली. अकराव्या दिवशी ती पायरीवर बसली.

शेवंताबाई डाव्या हातात म्हशी हाकायची काठी घेऊन बाहेर आली. एक खांद्यावर, एक पाठीत. तिसऱ्या फटक्यानं भुवई फुटली आणि डोळ्यात रक्त उतरलं. धोंडुबाईचा हात वर गेला. मारल्याशिवाय कधी खाली न आलेला हात तो. तो तसाच वर थांबला आणि हळूहळू मांडीवर आला.

शेवंताबाई धापा टाकत बघत राहिली. इतकी वर्षं 'आक्का, तुमी' म्हणणारी ती आज एकेरीवर आली.

"उद्या आलीस तर पुन्यांदा हानीन."

"हान की," धोंडुबाई म्हणाली. "येतो उद्या."