पाटकरी मेला, असं मी लिहिलं

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. आष्ट्याला वडील शेतमजुरांच्या संघटनेचं काम करायचे आणि खाटेखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. मला अक्षरओळख झाली ती त्या पत्रकांवरच. आणीबाणीत ते सगळे गठ्ठे आईने पाणी तापवायच्या बंबात घातले. दोन दिवस घरात गरम पाण्याची चैन होती आणि वडील आंघोळीला उठत नव्हते. आणीबाणी उठली तेव्हा मी साताऱ्याला कॉलेजात होतो. सायक्लोस्टाइलचं मशीन फिरवून पुन्हा उघडपणे पत्रकं काढता येतात, याचीच मला झिंग चढली होती. हे सबब म्हणून सांगत नाही. माझ्या हातून जे झालं ते कशाच्या भरात झालं, एवढं कळावं म्हणून सांगतो.

माझी खोली ज्या गल्लीत होती तिथे एका निवृत्त सुभेदारांचं घर होतं आणि त्या घरात गल्लीतला एकुलता एक टीव्ही. शेजारच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातल्या मिस्त्रींनी सुभेदारांच्या गच्चीवर नळावर नळ चढवून, पुण्याकडे तोंड करून अँटेना उभा केला होता. तरी वारा सुटला की पडद्यावर मुंग्या यायच्या आणि मिस्त्री गच्चीवर धावायचे. खालून सगळे ओरडायचे, "आलं, आलं... गेलं!"

दर शनिवारी संध्याकाळी एक परदेशी मालिका लागायची. चंद्रासारख्या एका ओसाड गोळ्यावर काचेच्या घुमटाखाली माणसांच्या वस्त्या. हवा यंत्रातून सोडायची आणि कोणत्या वस्तीला किती सोडायची हे एक अधिकारी ठरवायचा. उंच, शांत, हातात कायम मोजे. गल्लीने त्याचं नाव पाटकरी ठेवलं. कालव्याचं पाणी कुणाच्या उसाला कधी सोडायचं हे जसं आमच्याकडे पाटकऱ्याच्या हातात, तसा हा हवेचा पाटकरी. पाचव्या की सहाव्या भागात त्याने एका अख्ख्या वस्तीची हवा बंद केली. माणसं काचेला तोंडं लावून मेली. त्या शनिवारी सुभेदारांच्या पुढच्या सोप्यात कुणी बराच वेळ उठलं नाही.

मालिका इंग्रजीत होती आणि इंग्रजी कळणारा मी एकटा, अशी सगळ्यांची समजूत. मी टीव्हीशेजारी जमिनीवर बसून वाक्यावाक्याला मराठी करायचो. खरं म्हणजे मला निम्मं कळायचं. उरलेलं मी चेहऱ्यांवरून आणि माझ्या मतांवरून जुळवायचो. त्यामुळे आमच्या गल्लीतला पाटकरी मूळच्यापेक्षा जरा जास्तच गरिबांच्या मुळावर उठलेला असायचा.

टीव्ही बंद झाला की खरा कार्यक्रम सुरू व्हायचा. त्याने हवा का बंद केली?

"वरनं हुकूम आला असंल," सुभेदार म्हणायचे.

"हुकूम आला म्हणून माणसं मारायची?" मी विचारायचो.

"तू फौजंत गेला न्हाईस, म्हणून इचारतोस."

"हवाच कमी हुती वो," मिस्त्री मध्ये पडायचे. "वस्त्या चार आन् हवा तीनच वस्त्यांपुरती. तुमी काय केलं असतं, पत्रकवाले?"

"सगळ्यांना सारखी वाटली असती."

"म्हंजी समदेच मेले असते. लय भारी इन्साफ गड्या!"

मग हशा. मला त्या हशाचा राग यायचा नाही, कारण पुढच्या शनिवारी भाषांतर माझ्याच तोंडून होणार असायचं.

सुभेदारांची धाकटी बहीण आतल्या दाराच्या उंबऱ्याला टेकून बसायची. मांडीवर सूप, त्यात काहीतरी निवडायला. तिला सगळे अक्का म्हणत. तिचा नवरा एकाहत्तरच्या लढाईत सरहद्दीवर बेपत्ता झाला होता. मेला असं कुणी कळवलं नाही, सापडला असंही नाही. सहा वर्षं ती भावाकडे राहत होती, अधूनमधून सासरी जाऊन यायची. कपाळावर कुंकू होतं, गळ्यात मंगळसूत्र होतं आणि गल्लीने ते मान्य केलं होतं. संक्रांतीला तिला हळदीकुंकवाचं बोलावणं यायचं. मला हे सगळं माहीत होतं. टीव्ही पाहायला येऊ लागलो त्याच आठवड्यात मिस्त्रींनी बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तिच्या म्होरं लढाईचा इषय काडू नगा."

मला माहीत होतं. ही ओळ मी मुद्दाम पुन्हा लिहितो, कारण तीच चुकवायची सवय मला लागली होती.

डिसेंबरात मालिकेचा शेवटचा भाग लागला. वस्त्या उठाव करतात, पाटकरी एका छोट्या यानातून पळतो, गोळ्याच्या मागे जातो. वीज चमकावी तसा पांढरा झोत. त्याआधी त्याचा चेहरा दिसतो, ओठ हलतात आणि नेमक्या तेव्हाच पडद्यावर मुंग्या, आवाजाच्या जागी नुसती खरखर. मिस्त्री गच्चीवर पोचेपर्यंत नावं सुरू झाली.

"काय म्हनला? ए, काय म्हनला रं शेवटाला?"

वीस-पंचवीस तोंडं माझ्याकडे वळली. मला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. तसं सांगायला तीन शब्द पुरले असते.

"म्हणाला, माझी हवा संपली. माझा शेवट आला."

कुणीतरी टाळी वाजवली. मला वाटलं, न्याय झाला. वस्तीची हवा बंद करणारा हवेवाचूनच मेला. मला हवा तसा शेवट मी पाटकऱ्याला दिला होता.

"मेला म्हणायचा," खाली आलेले मिस्त्री म्हणाले.

"असली मानसं मरत न्हाईत," सुभेदार म्हणाले. "कुटंतरी उतरला असंल."

"यान फुटलं, सुभेदार. आणि तो स्वतःच्या तोंडाने म्हणाला."

तेव्हा उंबऱ्यावरून अक्का बोलली. या चर्चेत ती कधीच बोलत नसे.

"मढं कुटं दिसलं?"

ती सूप बाजूला ठेवून पुढे सरकली.

"नुसतं चमाकलं. यान फुटल्यालं दिसलं का कुणाला? आन् त्यो बोलला म्हनतोस, त्येचा आवाज तर आमाला आला न्हाई. तुजाच आला."

सोपा हसून हसून लोळायचा बाकी राहिला. मिस्त्री म्हणाले, "घ्या पत्रकवाले, अक्कानं पार उघडंच पाडलं तुमाला!"

ती स्वतःही हसली. तिला मी तसं हसताना पहिल्यांदा पाहिलं. मला तिच्याबद्दल बरं वाटायला हवं होतं. पण मला माझा अपमान तेवढा दिसला, आणि तोही माझं खोटं पकडलं गेल्याचा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी स्टेन्सिल लिहायला बसलो. 'पाटकरी मेला आहे!' असा मथळा. गंमत म्हणून सुरुवात केली, पण माझ्या हाताला गंमत येत नव्हती. यान फुटल्याचे पुरावे लिहिले, त्याचे अखेरचे शब्द म्हणून माझं वाक्य अवतरणात टाकलं. मग लेखणी पुढे गेली. प्रेत दिसलं नाही म्हणून माणूस जिवंत ठरत नाही, अशा आशेवर जगणं ही गुलामी आहे, वगैरे. आणि सगळ्यात खाली: 'आपल्या घराघरांतही न परतलेल्यांना असंच जिवंत ठेवलं जातं आणि त्यांच्या नावाने बायका कपाळ भरत राहतात. सत्याला सामोरं जायला आपण कधी शिकणार?'

ती ओळ लिहून झाल्यावर मी थांबलो होतो. सर्वसाधारण विधान आहे, असं मनाशी म्हणालो आणि तिला ढालीसारखं 'घराघरांत' होतं, याचं मला समाधान वाटलं. पन्नास प्रती काढल्या. निम्म्या मित्रांत वाटल्या, निम्म्या पिठाच्या गिरणीत ठेवल्या. दळणाला नंबर लावून बसलेली माणसं हाताला लागेल ते वाचतात, ही वडिलांची शिकवण.

संक्रांत त्या वर्षी शनिवारीच आली. संध्याकाळी मी नेहमीसारखा सुभेदारांकडे गेलो. अक्का सोप्यातल्या खुर्चीवर बसली होती. अंगावर काळी चंद्रकळा, केसांत गजरा, शेजारी तिळगुळाचं ताट. समोरच्या घरातली बाई दरवर्षी स्वतः दारात येऊन तिला बोलवायची. ती बाई दोनदा आमच्या समोरून गेली. शेजारच्या दोन्ही घरांत बोलावणं देऊन आली. या दाराशी आल्यावर तिने पदर सावरला आणि मान खाली घालून पुढे गेली. समोरच्या घरातून बायकांचा, बांगड्यांचा आवाज येऊ लागला. अक्का उठली नाही. खुर्चीचा हात धरून बसून राहिली.

सुभेदारांनी मला अंगणात बोलावलं. त्यांच्या हातात माझं पत्रक होतं, पिठाने पांढरं झालेलं.

"ह्ये तुजं?"

"होय."

"खालची ओळ कुनावर हाय?"

"कुणावर नाही. ते एकूण समाजाबद्दल आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फौजेत जन्म काढलेल्या माणसाने शिव्या दिल्या असत्या तर मी वाद घातला असता. ते म्हणाले, "बरं," आणि आत गेले.

मी निघालो तेव्हा अक्काने हाक मारली. ताटातला एक लाडू माझ्या हातावर ठेवला. त्याबरोबर गोड बोलायचं जे वाक्य म्हणतात ते ती म्हणाली नाही. आठवड्याभरात ती सासरी निघून गेली.

मी स्वतःशी पुष्कळ बोललो. हळदीकुंकू ही प्रथाच विधवांचा अपमान करणारी आहे, हे मी आधीही लिहिलं होतं आणि आजही तसंच मानतो. पण मी ती प्रथा मोडली नव्हती. ती होती तिथेच होती. मी फक्त एका बाईला त्या प्रथेच्या बाहेर ढकललं होतं, आणि तेही एका वादात हरलो म्हणून.

फेब्रुवारीत सांगलीला एसटी बदलून मी कवठे महांकाळला गेलो. तिथून तिच्या सासरच्या गावी चालत. दोन खोल्यांचं घर, पुढे शेणाने सारवलेलं अंगण, मागे कुसळांचं माळरान. अक्काने मला ओळखलं, पण आश्चर्य दाखवलं नाही. बस म्हणाली आणि चहा टाकला.

"अक्का, त्याचं शेवटचं बोलणं मला ऐकूच आलं नव्हतं. मी बनवून सांगितलं."

"ठाव हाय."

"आणि पत्रकातली ती ओळ तुमच्यावरच होती."

"त्ये बी ठाव हाय. गिरणीवाल्यानं मोठ्यानं वाचली तवा माजा डबा लायनीत हुता." तिने कप माझ्यापुढे सरकवला. "समद्या बाया माज्याकडं बगाय लागल्या. पर दळान टाकून कसं यायचं? माजा नंबर यीस्तवर बसले."

"मी दुसरं पत्रक काढतो. माझी चूक झाली असं स्पष्ट लिहितो."

"नगं. म्हंजी ज्यांनी वाचलं न्हाई त्ये बी वाचत्याल." मग बाहेर पाहत म्हणाली, "हितं अजून कुनी वाचलं न्हाई. हितल्या बाया बोलवत्यात मला."

आतून काठी टेकत तिची सासू आली. डोळ्यांना जवळजवळ दिसत नव्हतं.

"कोन हाय गं?"

"साताऱ्याचा हाय. लिवनारा."

"मग अर्ज लिव म्हनावं की. औंदाचा ऱ्हायलाय."

दरवर्षी ती म्हातारी फौजेच्या कचेरीला एक अर्ज धाडायची. उत्तर आलं तरी आणि नाही आलं तरी. अक्काने फळीवरून कागद आणि पेन काढून दिलं. सासू उंबऱ्यावर बसून सांगू लागली, मी लिहू लागलो. गाव, पलटण, भरती झाल्याचं साल. मग ती म्हणाली, "लिव, माजा ल्योक जित्ता हाय. मला ठाव हाय. त्येला हुडका."

मी लिहिलं: आमचा मुलगा जिवंत असेल अशी आम्हाला आशा आहे, तरी कृपया शोध घ्यावा.

"वाचून दाव," म्हातारी म्हणाली. मी वाचलं. तिने मान हलवली, तिला ते सरकारी बोलणं चांगलं वाटलं असावं. पण अक्का चुलीपाशीच थांबली.

"आशा कुटनं आली?"

"म्हणजे... अर्जात असंच लिहितात."

"ती आशा म्हनाली न्हाई. जित्ता हाय म्हनाली."

"अक्का, पण..."

"तुला पटत न्हाई, ठाव हाय मला. तुजं मत कुनी इचारलं न्हाई. अर्ज तिचा हाय."

मी तो कागद फाडला आणि दुसरा घेतला. म्हातारीने काही न विचारता गावाच्या नावापासून पुन्हा सुरुवात केली. ती बोलत गेली तसं मी लिहीत गेलो. तिचा मुलगा जिवंत आहे यावर माझा तेव्हा विश्वास नव्हता, आजही नाही. तरी ते वाक्य तिने सांगितलं तसं मी लिहिलं, आणि लिहिताना मान वर केली नाही, कारण अक्का आता समोर येऊन अक्षर न् अक्षर पाहत होती.