आबा स्टँडवर बसायचे

माझी शाळा जळगावातली, मिशनची, इंग्रजी माध्यमाची. सकाळच्या असेंब्लीत बायबलमधली एखादी गोष्ट वाचली जायची. दहा वर्षं मी त्या ऐकल्या, वाचनाचं बक्षीसही मिळवलं. माझ्यात त्यांनी काहीच हललं नाही.

आम्ही राहतो जवळच्या असोद्याला. गेल्या पावसाळ्यात आबांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. टीव्ही बंद, म्हणून मला म्हणाले, "तुह्या शाळेतलं कायी सांग." मला गप्पा मारता येत नाहीत. मी उधळ्या मुलाची गोष्ट सांगितली. बापाकडून वाटणी मागून घेतली, परमुलखात उडवली आणि शेवटी डुकरं राखली.

"मंग तो आपल्याच गावचा दिसतो," आबा हसले.

मुलगा परत निघाला, बापाने त्याला लांबूनच पाहिलं आणि धावत सुटला, इथे त्यांचं हसू थांबलं.

"बाप सोता पयत गेला?"

"हो. म्हणाला, माझा पोरगा मेला होता, तो जिवंत झाला."

आबांनी डोळ्यावरची पट्टी चाचपली. मग हळूच म्हणाले, "त्यानं बी पोराच्या नावानं आंघोय केली व्हती का?"

आमच्या घरात हा विषय कोणी काढत नसे. आत्या परजातीत लग्न करून धुळ्याला गेली, तेव्हा आबांनी ती जिवंत असताना तिच्या नावाने आंघोळ केली होती. मी तेव्हा पहिलीत होते.

पट्टी सुटली तसे आबा रोज दुपारी काळा चष्मा लावून गावच्या स्टँडवर बसू लागले. घरी सांगायचे, करमत नाही. खरं कारण मला एकटीला ठाऊक होतं.

"आबा, आत्याला बोलावू का?" मी एकदा विचारलं.

"त्या बापानं कुठी बोलावलं? वाट पाह्यली."

आत्याचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. दर वाढदिवसाला तिचा मेसेज यायचा, मी उत्तरात एक फूल पाठवायचे. कितीदा टाईप केलं आणि पुसलं. पप्पा चिडतील. मोठ्यांच्या मध्ये मी कशाला पडू? शिवाय आबाच नको म्हणालेत. असं करत दिवाळी आली.

दिवाळीनंतर आबा झोपेतच गेले. त्या सकाळी मी आत्याला पहिल्यांदा फोन केला. ती त्याच स्टँडवर उतरली. मी तिला आणायला गेले, तेही चालतच, त्या बापासारखी धावत नाही.

स्मशानातून माणसं परतली, आंघोळी झाल्या. आत्या ओल्या केसांनी मागच्या ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसली. मी तिला सगळं सांगितलं, गोष्टही आणि स्टँडचंही.

"कधीपासून बसायचे?"

"पोळ्याच्या आधीपासून."

"आणि माझा नंबर तुझ्याकडे होता," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. टॉवेल घेऊन केस पुसत राहिली, ते कोरडे झाल्यावरही.