कुलपाआडची पाचवी

शालनच्या कमरेला बारा घरांच्या चाव्या होत्या आणि राहायला पंपाची खोली. याला दैव म्हणा नाहीतर नव्या मुंबईचा कारभार म्हणा! कोपरखैरण्यातल्या त्या चार मजली इमारतीत सोळा घरं, आणि त्यांतली बारा बंद. मालक कुणी लालबागला, कुणी गिरगावात, एक तर थेट दुबईत. चौऱ्याण्णव साल चालू होतं. घर घेऊन ठेवायचं, भाव चढायची वाट बघायची. पण भाडेकरू ठेवा म्हटलं की मालकाच्या अंगावर काटा. एकदा आत आला की तो निघत नाही, कोर्टात नातवंडं म्हातारी होतात, ही भीती. त्यापेक्षा कुलूप बरं. माणसाला जागा मिळेना आणि जागेला माणूस, असा सगळा उफराटा खेळ.

या रिकाम्या घरांना भरल्यासारखं दाखवायचं, हे शालनचं काम. दिवेलागणीला आज या घरात, उद्या त्या घरात बल्ब लावायचा. गॅलरीच्या दोरीवर जुनी लुगडी टाकायची, दोन दिवसांनी बदलायची. चोर फिरकू नये आणि कुणी घुसून ठाण मांडू नये. साताऱ्याकडून आलेली ही बाई या कामाला फार जपायची. नवरा कोंडिबा तुर्भ्याच्या मार्केटात कांद्याची पोती वाहायचा, तो म्हणायचा, "पोतं फाटलं तर शिवता येतं शालन, इमान न्हाय." यावर ती फुशारकीनं चाव्या वाजवून दाखवायची.

आणि अशा बाईनं चोरी केली. घराचीच केली.

तिची लेक राजेश्वरी पहिल्या बाळंतपणाला आली ती सगळं बिऱ्हाड घेऊनच. बोनकोड्यात जावई भाड्यानं राहत होता, ती खोली मालकानं घरातल्या लग्नाचं कारण काढून खाली करून घेतली. जावई रणजीत तळोज्याच्या कारखान्यात. तो तिथंच दोस्तांच्या खोलीत पथारी टाकू लागला. राजेश्वरीला सरकारी दवाखान्यात मुलगी झाली, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. घरी म्हणजे पंपाच्या खोलीत. त्याच संध्याकाळी टाकी भरून वाहिली आणि खोलीत घोटाभर पाणी झालं. ओल्या बाळंतिणीला खाटेवर बसवून शालन पाणी उपसत होती, आणि पोर थंडीनं निळी पडायला लागली. शालननं आभाळाकडं बघितलं नाही, देवाला हाक मारली नाही. तिनं कमरेची चावी काढली आणि लेक-नात घेऊन सरळ तिसरा मजला गाठला.

ते घर सुधीर आणि जयमाला या जोडप्याचं. सुधीर विमा कंपनीत कारकून. चार वर्षांपूर्वी घर घेतलं, पण एक रात्र तिथं झोपला नव्हता. जयमाला मात्र दर खेपेला ओटा पुसायची, खिडकीत उभी राहायची आणि निघताना पाय ओढत निघायची. लालबागच्या एका खोलीत सासू, दीर, जाऊ आणि त्यांची पोरं. तिथं अकरा वर्षं काढलेली ती बाई. "इथं कधी यायचं हो?" असं तिनं शालनच्या देखत नवऱ्याला दोनदा विचारलं होतं. सुधीरचं उत्तर ठरलेलं: आपण निघालो की लालबागची खोली भाऊ गिळेल. ती खोलीही भाड्याचीच बरं का! मालकानं तीनदा दावा लावला, तरी सुधीरच्या वडिलांनी सोडली नव्हती. म्हणूनच तर त्याला भाडेकरूंची एवढी धास्ती. चोराच्या वाटा चोराला ठाऊक.

कोंडिबाला कळलं तेव्हा तो जेवायचा थांबला. "उद्या खाली आन तिला."

"कुठं आनू? पान्यात?"

त्या दिवसापासून त्यानं बायकोच्या चाव्यांकडं बघायचं सोडलं.

मग सुरू झाला जिवाला घोर. शालन लेकीला आत ठेवून बाहेरून कुलूप लावायची, म्हणजे बघणाऱ्याला घर बंद दिसावं. ओली बाळंतीण आणि दाराला कुलूप! आत आग लागली तर, पोर घुसमटली तर, या विचारानं जिने झाडता झाडता ती चारदा वर जाऊन दाराला कान लावून यायची. पोर रडायला लागली की ती धावत जाऊन पंपाची मोटर चालू करायची, आवाज आवाजात मिसळावा म्हणून. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्यासुद्धा, "शालनबाई, हल्ली पाणी फार चढवता हो!" शालन हसली आणि झाडू उचलून खाली सटकली.

पाचवा दिवस उजाडला. पाचवीला सटवाई येते आणि लेकराच्या कपाळी नशीब लिहून जाते, हे शालनला श्वास घेण्याइतकं खरं. आतल्या खोलीत तिनं पाटा मांडला, हळदकुंकू वाहिलं, कणकेचा दिवा लावला, कोरा कागद आणि पेन ठेवलं. ओवा-शेपांची धुरी दिली. सगळं झालं, आणि बाहेर येऊन सवयीनं कुलूप उचललं तसा हात थबकला. तिच्या गावाकडं पाचवीच्या संध्याकाळी दाराला कडीसुद्धा घालत नसत. तिची सासू म्हणायची, कुलपाच्या दारावरनं सटवाई आल्या पावली परतते आणि लेकरू बिननशिबाचं राहतं.

"आये, लाव की कुलूप. कुनी आलं म्हंजे?" राजेश्वरी आतून म्हणाली.

"आज न्हाय लावायचं," शालन म्हणाली. "चार दिस कुनी आलं न्हाय, आज काय मरायला येतंय?"

अगं बाई, असं बोलू नये कधी! तिनं दार लोटून घेतलं आणि कुलूप कनवटीला खोचलं. तेवढ्यात जिन्यात बुटांचा आवाज आला.

सुधीर होता, मागे जयमाला. हापिसात कुणाच्या तरी घरात कुणीतरी घुसल्याची गोष्ट त्यानं ऐकली होती आणि घाबरून नवं, मोठं कुलूप विकत घेऊन तो तडक आला होता. दाराला कुलूप नाही, फटीतून उजेड आणि धूर! त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"कोण आहे आत?"

शालन दारात आडवी उभी राहिली. खोटं बोलायला तोंड उघडलं, पण नेमकी पोर रडली. मोटर तर खाली होती.

"माझी लेक हाय साहेब. बाळंतीण हाय."

"झालं! घुसली!" सुधीर किंचाळला. "तुझ्यावर विश्वास टाकला आणि तूच? आता रेशनकार्ड काढाल, मग कोर्टात जाल! आत्ताच्या आत्ता बाहेर काढ तिला, नाहीतर मी पोलीस आणतो."

"काढते साहेब. उद्या सकाळच्याला काढते. आज पाचवी हाय लेकराची. पाया पडते, मांडलेली पूजा मोडाया लावू नका." आणि शालन खरोखरच वाकली. आयुष्यात कुणापुढं वाकली नव्हती ती, नोकरी मागतानाही नाही. लाजेनं तिचे कान तापले.

"उद्या कुणी बघितलाय? मला शिकवतेस?"

"अहो, पाचवीच्या दिवशी बाळंतिणीला बाहेर काढायची?" जयमाला पहिल्यांदाच बोलली. "मला नाही जमायचं ते. आणि तुम्हालाही मी काढू देणार नाही."

सुधीर खिंडीत सापडला. रागानं दोन येरझाऱ्या घातल्या आणि म्हणाला, "ठीक. सकाळपर्यंत. पण मी इथून हलणार नाही. इथंच बसतो पहाऱ्याला." शालनला त्यानं खाली पिटाळलं, चाव्यांचा जुडगा मात्र काढून घेऊन. शालनला कमर अशी उघडी वाटली की पदर घेऊनही भागेना.

कोंडिबा पंपाच्या खोलीत वाट बघत होता. चाव्या नाहीत हे त्यानं पाहिलं, पण इमानाचं नाव काढलं नाही. "पोरीला काय बोललं का कोन?" एवढंच विचारलं. शालननं नाही म्हणून मान हलवली. तो गावाकडच्या एस्टीची चौकशी करायला निघून गेला. दुसरं काय उरलं होतं? बारा घरांचा विश्वास गेला, लेकीचा निवारा गेला, आणि आता साताऱ्याची वाट, सहा दिवसांचं लेकरू घेऊन.

उजाडताच शालन वर गेली. राजेश्वरी आईच्या शब्दाला जागून तयार होती. कानाला फडकं, एका हातात गाठोडं, छातीशी पोर. सुधीर हॉलच्या उघड्या फरशीवरून मान चोळत उठत होता. स्वतःच्या घरातली त्याची ती पहिली रात्र, आणि तीही पहारेकऱ्याची!

"चला, आटपा," तो घाईनं म्हणाला. "जयमाला, नवं कुलूप दे इकडे. सव्वासातची गाडी गाठायची."

जयमाला स्वयंपाकघरातून बाहेर आली. पदर खोचलेला. राजेश्वरीच्या डब्यातला गूळ घेऊन तिनं स्टोव्हवर पाणी ठेवलं होतं, हात ओले होते.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "येताना माझ्या चार साड्या आणा आणि पोळपाट-लाटणं आणा."

"म्हणजे?"

"म्हणजे मी राहतेय इथं. ही पोरगीही सव्वा महिना इथंच राहील, माझ्या सोबतीला."

"वेड लागलंय तुला? लालबागच्या खोलीचं काय?"

"तिचं तुम्ही आणि भावोजी बघा." जयमाला स्वयंपाकघराच्या दारातून सरली नाही. "मी हे घर रिकामं करणार नाही. कोर्टात जायचं तर खुशाल जा."

सुधीर नव्या कुलपासकट तिथंच उभा राहिला. कितीतरी वर्षं ज्या वाक्याला तो भ्याला, ते असं घरच्याच तोंडून आलं. शालननं लेकीच्या हातातलं गाठोडं काढून घेतलं, आत नेऊन ठेवलं, आणि इतके दिवस दाबून धरलेलं रडू तिला तिथंच फुटलं.