‘मी आलो’ म्हणणारी मुलगी

“घरात आणखी कुणाला बोलण्याचा त्रास आहे का?” असं मला कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात विचारलं गेलं. आमच्या घरात बोलण्याचा त्रास आहे हे खरं, पण तो शेजाऱ्यांना आहे. माझ्या सासूबाई मागच्या दारातून हाक मारतात ती कोपऱ्यावरच्या पानटपरीवाल्याला आधी ऐकू जाते आणि तोच आम्हाला येऊन सांगतो, की बोलावलंय. तरी मी सभ्यपणे ‘नाही’ म्हटलं. विचारणारी तरुणी पुण्यात शिकून नुकतीच इकडं आली होती. मुलांची वाचा आणि भाषा तपासणं हा तिचा व्यवसाय. आणि तिच्यापुढच्या खुर्चीत पाय हलवत बसलेली माझी पाच वर्षांची लेक तोंड उघडायला तयार नव्हती.

आम्हाला तिथं शाळेनं धाडलं होतं. शाळा इंग्रजी माध्यमाची. नाव सांगत नाही, आणि सांगितलं तरी तिथल्या निम्म्या पालकांना ते धड उच्चारता येत नाही. सीनियर केजीच्या टीचरनी मला बोलावून घेतलं आणि आवाज खाली करून, कुणी गेल्याची बातमी द्यावी तसं सांगितलं, की तुमची मुलगी वर्गात एक अक्षर बोलत नाही. तपासून आणा, नाहीतर पहिलीत घालायचं की आणखी एक वर्ष इथंच ठेवायचं याचा विचार करावा लागेल. मला हसू आलं. माझी लेक घरी नळाशी बोलते. कुकरच्या शिट्टीला उलट उत्तर देते. आजोळी गेली की म्हशीला दिवसभर काहीबाही सांगत बसते आणि म्हैस ऐकून घेते. ही मुलगी बोलत नाही म्हणजे शाळेतच काहीतरी बिघडलं असणार, हे कुणालाही कळलं असतं. पण शाळेत बिघाड कधी होत नसतो. तो मुलांच्यात आणि त्यांच्या आईबापांच्यात होतो.

तर तपासणी सुरू झाली. आधी कान तपासले. गाद्या लावलेल्या छोट्या खोलीत हेडफोन घालून बसवलं, आवाज आला की बोट वर करायचं. कान ठणठणीत निघाले. मग जीभ बाहेर काढ, फुंकर मार, गाल फुगव. तेही ठणठणीत. मग चित्रांची कार्डं आली आणि तिथून गाडी घसरली.

एका कार्डावर बर्फाचा माणूस होता, गळ्यात मफलर, नाकाच्या जागी गाजर. कोल्हापुरात बर्फ दिसतो तो उसाच्या रसात, नाहीतर मासळीखाली. लेकीनं नीट निरखून बघितलं आणि पहिल्यांदाच तोंड उघडून म्हणाली, “कणकंचा माणूस.” चूक. पुढचं कार्ड गाईचं, काळीपांढरी. ती लगेच म्हणाली, “एचेफ.” त्या बाईंनी चमकून मान वर केली. मी दूध संघाच्या ऑफिसात नोकरी करते आणि आमच्याकडं काळ्यापांढऱ्या गाईला एचएफच म्हणतात, हे मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि लिहिलं काय, तर गाईचं चित्र दाखवल्यावर मुलगी इंग्रजी मुळाक्षरं म्हणते.

पण खरा घोटाळा पुढंच होता. “सुट्टीत तू काय केलंस, सांग बरं?” असं बाईंनी गोड आवाजात विचारलं. लेक तोवर जरा सैलावली होती. म्हणाली, “मी आज्जीकडं गेलतो. मी चिखलात पडलो. मग मी लई रडलो.”

बाईंचं पेन भराभर चालायला लागलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कोल्हापुरात बायका ‘मी आलो, मी गेलो, मी जेवतो’ असंच बोलतात. माझी आई तसं बोलते, सासूबाई बोलतात, भाजी विकणारी बोलते आणि साडीच्या दुकानात दहा हजारांची पैठणी परत करणारी बाईसुद्धा तसंच बोलते. त्यानं कुणाला मिशा फुटल्याचं अजून ऐकिवात नाही. इथं लिहिताना मी ‘गेले’, ‘आले’ लिहिते, कारण शाळेत तेवढं मारूनमुटकून शिकवलंय. तोंडात मात्र ‘गेलो’च येतं. आता हे सगळं त्या पुण्याच्या बाईंना कुणी सांगायचं? त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, “घरी ही जास्त वेळ वडिलांबरोबर असते का?”

“न्हाय ओ,” मी म्हटलं. “वडील कुठलं सापडायला. मीच उठवतो, मीच जेवायला घालतो, शाळेत बी मीच सोडतो की.”

पेन थांबलं. बाई माझ्याकडं बघत राहिल्या. मग मान खाली घालून त्यांनी पुन्हा लिहायला घेतलं, आणि ह्या वेळी बराच वेळ लिहिलं.

रिपोर्ट इंग्रजीत आला. मराठी बोलण्याचा रिपोर्ट इंग्रजीत यावा ह्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही, म्हणून मीही वाटून घेतलं नाही. त्याचं मराठी असं: मुलीला स्वतःविषयी बोलताना स्त्रीलिंग वापरता येत नाही, भाषेची वाढ वयाच्या मानानं मागं आहे, उपचार सुरू करावेत. आणि खाली एक ओळ, की आईच्या बोलण्यातही असाच दोष आढळतो. माझ्या नवऱ्यानं ती ओळ मोठ्यानं वाचली आणि म्हणाला, “लग्नाच्या टायमाला दाखवला नव्हता हा रिपोर्ट.” सासूबाईंना समजावून सांगितलं तर त्या म्हणाल्या, “मग मला बी घिऊन जावा की. मी बी दाखवतो.”

हसण्यावारी न्यायचं म्हणून आम्ही नेलं. पण शाळेनं नेलं नाही. रिपोर्ट हातात पडल्याबरोबर टीचरचा चेहरा उजळला. आपला संशय खरा निघाला की माणसाला किती बरं वाटतं! सुधारणा झाली नाही तर पहिलीचा विषय नको, असं त्यांनी मला पुन्हा ऐकवलं.

त्याच आठवड्यात एका दुपारी लेकीला घेऊन घरी येत होते. ती स्कूटीवर पुढं उभी होती. सिग्नलला थांबलो तेव्हा मागं न बघता तिनं विचारलं, “मम्मी, मी मुलगा हाय?”

“कोण म्हणलं?”

“टीचर. मागं एकदा मी ‘आलो’ म्हणलो तर म्हणली, मुलगा हाईस काय तू? मग मला मुलांच्या रांगंत हुबं केलं. सगळी हसली.”

सिग्नल सुटला, मागचे हॉर्न मारायला लागले, एकजण “ओ ताई, झोपलाय काय?” म्हणून गेला. मी गाडी कडेला घेतली. पोरगी वर्गात का बोलत नाही हे शोधायला आम्ही तिचे कान तपासले, जीभ तपासली, गाल फुगवून घेतले. आणि कारण होतं पोरांच्या रांगेत. पाच वर्षांच्या मुलीनं हिशेब केला होता, की तोंड उघडलं की त्या रांगेत जावं लागतं, म्हणून तोंड उघडायचंच नाही. भाषेची वाढ मागं असलेल्या मुलीचा हिशेब म्हणून मला तो फारच पक्का वाटला.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापिकेकडं गेले. बाई मूळच्या आमच्याच जिल्ह्यातल्या, शाहूवाडीकडच्या, पण शाळेत इंग्रजीशिवाय बोलत नाहीत आणि पालकांशी मराठी बोलायची वेळ आली तर ते वर्तमानपत्रातून कापून आणल्यासारखं बोलतात. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “शिक्षिकेचा हेतू मुलीला दुखावण्याचा नव्हता. पण शुद्ध भाषेबाबत आमची संस्था तडजोड करत नाही.” एवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. त्यांनी हातानंच मला थांबायला सांगितलं आणि फोन कानाला लावला.

“व्हय गं, येतो मी सातपत्तूर. तू नुसती भाकरी टाक, कालवण मी येऊन करतो.”

फोन ठेवून त्या माझ्याकडं वळल्या. “हं, तर मी काय म्हणत होते?”

मला राहवलं नाही. मी विचारलं, “मॅडम, तुम्हाला कुठल्या रांगेत उभं करायचं?”

त्यांना कळायला एक क्षण लागला. मग त्या लाल झाल्या आणि म्हणाल्या, की ते घरचं बोलणं झालं, घरचं घरी ठेवायचं असतं. शाहूवाडी ते ही खुर्ची एवढा रस्ता आपण कसा कापला हे बाईंनी मला एका वाक्यात सांगितलं होतं. मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही, चीडच आली. स्वतःला जे गिळायला लागलं ते पुढच्या पोरीला पाजायचं आणि वर त्याला शिस्त म्हणायचं, ही तऱ्हा मला ओळखीची आहे. टीचरला मात्र समज दिली गेली असावी, कारण मुलांच्या रांगेचा प्रकार तेवढा थांबला. रिपोर्ट तसाच राहिला, आणि पहिलीची टांगती तलवारही.

म्हणून मुकाट्यानं उपचार सुरू केले. पुण्याच्या बाईंचा हेतू वाईट नव्हता, आणि ह्याचाच मला जास्त राग येत होता. त्या मनापासून शिकवायच्या. बाहुली घेऊन ‘मी जाते, मी येते, मी खाते’ म्हणायच्या, आणि लेक बाहुलीकडं बघत बसायची. मला त्यांनी सांगितलं, की घरी तुम्हीही तसंच बोला, मूल ऐकून शिकतं. मी बोलायला लागले. “मी भाजी चिरते हं. मी आता आंघोळीला जाते.” नवरा म्हणाला, “पुण्याचं पाव्हणं आल्यात काय घरात?” सासूबाई माझ्याकडं चोरून बघायला लागल्या. आणि लेकीनं तिसऱ्या का चौथ्या दिवशी माझ्या कपाळाला हात लावला. “मम्मी, तू आजारी हाईस?”

मी तो नाद सोडला. वाटलं, एक वर्ष गेलं तर गेलं, पण पोरगी माझी आहे तशी राहू दे. तिनं शाळेत बोलावं एवढंच मला हवं होतं, आणि स्वतःच्या तोंडानं बोलावं.

दिवाळीनंतर पुन्हा तपासणी झाली. मी काही आशा न ठेवता कोपऱ्यात बसले. बाईंनी तोच प्रश्न विचारला, सुट्टीत काय केलंस? लेकीनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा बाईंच्या पेनाकडं बघितलं, आणि सुरू झाली.

“आम्ही आज्जीकडं गेलतो. आम्ही किल्ला केला. आम्ही पडलो, मग आम्ही रडलो.”

“कोण रडलं?”

“आम्ही.”

“आणि दादा?” आजोळचा मामेभाऊ तिच्या बोलण्यात आधी येऊन गेला होता.

“दादा न्हाय रडला. आम्हीच रडलो.”

बाई खूश झाल्या. मुलगी एवढं बोलली, सलग बोलली आणि लिंगाची एकही चूक नाही! कशी असेल? ‘आम्ही आलो’ हे बाईचं आणि बुवाचं मराठीत एकच असतं. ‘मी’ म्हटलं की पुढं ‘आले’ का ‘आलो’ ते ठरवावं लागतं आणि चुकलं की रांग बदलते. ‘आम्ही’त काही ठरवावं लागत नाही. एवढं व्याकरण माझ्या लेकीनं कुणी न शिकवता एकटीनं शोधून काढलं होतं, आणि ज्यांनी तपासायचं त्यांच्या ते ध्यानात आलं नाही. नव्या रिपोर्टात ‘समाधानकारक प्रगती’ असं आलं. पुढं शाळेनंही तिची छोटी परीक्षा घेतली. तिथंही तिनं ‘आम्ही’चाच धडाका लावला. टीचरनी माझं अभिनंदन केलं. उपचारांचा किती उपयोग होतो बघा, म्हणाल्या.

मीही आधी हसले. नवऱ्यानं पेढे आणले. तो तिला ‘राणीसाहेब’ म्हणायला लागला, मुजरा करून “राणीसाहेब जेवणार का?” विचारायचा, आणि ती “आम्हाला भूक न्हाय” म्हणायची. घरभर हशा व्हायचा. पोरगी कशी सगळ्यांना पुरून उरली, हे मी ऑफिसातही रंगवून सांगितलं. महिने गेले. ‘आम्ही’ काही गेलं नाही. नळाशी बोलतानाही ‘आम्ही’, म्हशीशी बोलतानाही ‘आम्ही’. तेव्हा मला जरा जरा टोचायला लागलं, पण मी मनावर घेतलं नाही.

जूनमध्ये पहिलीचा पहिला दिवस उजाडला. नवा युनिफॉर्म घालून ती कपाटाच्या आरशापुढं उभी होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, मी दाराशी डबा भरत होते. तिनं स्वतःला वरपासून खालपर्यंत बघितलं, रिबीन नीट केली आणि आरशातल्या मुलीला सांगितलं, “आम्ही तयार झालो.”

हातातला डबा मी खाली ठेवला. मी आत जाऊन तिच्यामागं गुडघ्यावर बसले. “आम्ही म्हणजे कोण गं बाळा? इथं तर तू एकटीच हाईस.”

तिनं आरशातून माझ्याकडं बघितलं. मग मान वळवून दाराकडं बघितलं, तिथं कुणी नाही याची खात्री केली, आणि माझ्या कानाशी तोंड आणलं.

“मीच,” ती म्हणाली. “पण टीचरला सांगू नगंस.”