गव्हाणच्या बांधावर उतरलो तेव्हा

भूतखेत, अंगारे-धुपारे यातलं मी काहीच मानत नाही. विमान चालवणाऱ्याला ते परवडतही नाही. तरी नव्वदच्या दशकातली एक गोष्ट मला अजून सुटलेली नाही...

पनवेलचे एक इन्स्ट्रक्टर, आम्ही त्यांना नुसतं 'सर' म्हणायचो. शेपटीखाली चाक असलेल्या जुन्या विमानावर मी त्यांच्याकडे शिकलो. तोकड्या जागेत उतरायचं तर तिन्ही चाकं एकदम टेकवायची, स्टिक, म्हणजे पायांमधला विमान चालवायचा दांडा, पोटाशी ओढून धरायची म्हणजे शेपटी खाली राहते, आणि ब्रेक जपून. नाहीतर विमान नाकावर उलटलंच म्हणून समजा. मी चुकलो की मागच्या सीटवरून गर्जना व्हायची, "अरे गाढवा, स्टिक पोटात! विमान थांबेपर्यंत सोडायची नाही!"

पुढे मी नाकाखाली चाक असलेली विमानं चालवू लागलो. तिथे टेकलं की नाक खाली सोडायचं आणि ब्रेक दाबायचे. तीच सवय लागली. इकडे सरांना अर्धांगवायू झाला. वाचा गेली, उजवी बाजू पार गेली.

एका दुपारी जुहूहून तेच जुनं विमान घेऊन मी एकटा निघालो. उरणच्या वाटेवर, खाडीवर असताना इंजिन बंद पडलं. खाली गव्हाणजवळ मिठागराचा बांध तेवढा दिसला — टीचभर! टोकाला दगडी भिंत. टेकलो, आणि घाबरून सवयीने ब्रेक दाबत स्टिक पुढे ढकलायला गेलो.

स्टिक हलेचना! मी जीव खाऊन ढकलतोय आणि ती उलट माझ्या पोटात रुततेय. शेपटी जमिनीलाच राहिली. भिंतीच्या अलीकडे विमान थांबलं, आणि स्टिक सैल झाली.

जाळं टाकून धावत आलेला एक कोळी आत डोकावून ओरडला, "आरं, जित्ता हाय!"

मागच्या सीटसमोरची, माझ्या स्टिकला जोडलेली दुसरी स्टिक अडकली असेल म्हणावं, तर एकट्याने उडताना ती काढूनच ठेवतात. तशी ती काढलेलीच होती.

संध्याकाळी सरांकडे गेलो. मी तोंड उघडायच्या आत काकू म्हणाल्या, "अरे, आज दुपारी नवलच झालं! ह्यांनी उजव्या हाताने उशी पोटाशी ओढून धरली. मी सोडवायला गेले तर सुटेचना. मग आपणहूनच सोडली."

सर माझ्याकडे बघत होते. हात चादरीवर निर्जीव पडलेला. तो पुन्हा कधीच हलला नाही. मी तो हातात घेतला आणि ढसाढसा रडलो.

हे कसं झालं, ते मला आजही सांगता येत नाही. विमान थांबेपर्यंत कुणीतरी सोडलं नाही, एवढं मात्र खरं.